कुदळ आणि प्रश्न : आर. जी. कॉलिंगवूड यांचा इतिहासविचार

नमस्कार. आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे ते रॉबिन जॉर्ज कॉलिंगवूड ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. पण त्यांची गोष्ट मला एका भिंतीपासून सुरू करायची आहे.

इंग्लंडच्या उत्तरेला, पूर्वेच्या टाइन नदीपासून पश्चिमेच्या सॉल्वेच्या खाडीपर्यंत, एक रोमन भिंत जाते. इ. स. 122 च्या सुमारास सम्राट हेड्रियननं ती बांधायला घेतली. लांबी सुमारे 117 किलोमीटर. या भिंतीवर अभ्यासकांनी पिढ्यान्‌पिढ्या काम केलं होतं. उंची मोजली, रुंदी मोजली, कोणत्या सम्राटानं बांधली यावर वाद घातले, शिलालेख वाचले. 1921 मध्ये कॉलिंगवूड यांनी एक छोटा लेख लिहिला आणि त्यात विचारलं, ही भिंत कशासाठी होती?

प्रश्न अगदी साधा वाटतो. भिंत कशासाठी असते? शत्रूला अडवायला. शिपाई वर उभे राहणार आणि खालून चढणाऱ्यांशी लढणार. कॉलिंगवूड म्हणाले, थांबा, हे आपण गृहीत धरतो आहोत. मग त्यांनी एकेक गोष्ट तपासायला घेतली. भिंतीचा माथा अरुंद आहे, तिथं दाटीवाटीनं उभं राहून लढायला जागा नाही. इथल्या शिपायांची हत्यारं आणि कवायत मोकळ्या मैदानातल्या लढाईची आहे. म्हणजे हा लढण्याचा तट नसावा. ही पहारेकऱ्यांची उंचावरची वाट असावी, जिच्यावरून चालत टेहळणी करायची आणि इशारा द्यायचा.

यापुढचं पाऊल मला फार मोलाचं वाटतं. भिंत जर पहाऱ्यासाठी असेल, तर ती सॉल्वेच्या काठाशी संपून चालणार नाही. शत्रू होडीत बसून खाडी ओलांडेल आणि भिंतीला वळसा घालून मागे उतरेल. म्हणजे पुढे कंबरलंडच्या किनाऱ्यावरही पहारा हवा. तिथं भिंतीची गरज नाही, पण टेहळणीचे बुरूज हवेत. कॉलिंगवूड यांनी जुनी पुरातत्त्वीय प्रकाशनं चाळली. अशा बुरुजांचे अवशेष तिथं पूर्वीच सापडले होते आणि कागदोपत्री नोंदवलेही गेले होते. पण त्यांचं काय करायचं हे कुणालाच न कळल्यामुळे ते विस्मरणात गेले होते. पुरावा होता. त्याला बोलतं करणारा प्रश्न नव्हता.

पहाऱ्याच्या वाटेविषयीच्या त्यांच्या उत्तरावर नंतरच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या, आजही घेतात. पण ‘कशासाठी?’ हा प्रश्न एकदा पडल्यावर भिंतीचा अभ्यास पूर्वीसारखा राहिला नाही. माझ्या मते कॉलिंगवूड यांचं सगळं इतिहासाचं तत्त्वज्ञान या भिंतीपाशी सापडतं. ग्रंथालयात बसून त्यांनी ते लिहिलं असेल, पण ते त्यांना सुचलं चिखलात, खणलेल्या चराच्या काठावर उभं राहून. ही गोष्ट विसरून त्यांचे ग्रंथ वाचले की ते अवघड आणि थोडे गूढ वाटायला लागतात.

आता मागे जाऊ. जन्म 22 फेब्रुवारी 1889, इंग्लंडच्या वायव्येला, सरोवरांच्या प्रदेशात. वडील डब्ल्यू. जी. कॉलिंगवूड चित्रकार होते, लेखक होते, पुरातत्त्वाचे अभ्यासक होते, आणि विचारवंत जॉन रस्किन यांचे सचिव आणि चरित्रकार होते. आईही चित्रकार आणि उत्तम पियानोवादक. कॉनिस्टन सरोवराच्या काठाजवळ घर, जवळच रस्किन यांचं घर. तेरा वर्षांचा होईपर्यंत मुलाचं शिक्षण वडिलांनीच घरी केलं. चौथ्या वर्षी लॅटिन, सहाव्या वर्षी ग्रीक. पण या घराची खरी देणगी ग्रीक-लॅटिन नव्हती. त्या घरात चित्र हे कधीच ‘पूर्ण झालेली वस्तू’ म्हणून मुलांसमोर येत नसे. ते अर्धवट असे, चालू असे. कुठं चुकलं, काय साधायचं होतं, हे दिसत असे. कुठलीही कृती म्हणजे एखादी अडचण सोडवण्याचा प्रयत्न, हे त्या मुलानं पुस्तकाआधी घरात पाहिलं.

आठव्या वर्षीचा एक प्रसंग त्यांनी आत्मचरित्रात सांगितला आहे. वडिलांच्या खोलीत जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या नीतिशास्त्राचं एक पुस्तक हाती लागलं. वाचायला लागले. आधी विलक्षण उत्तेजना. हे फार महत्त्वाचं काहीतरी आहे आणि ते आपल्याला कळलंच पाहिजे, अशी भावना. मग संताप, कारण इंग्रजी शब्द तर ओळखीचे, पण अर्थ लागेना. आणि शेवटी सगळ्यात विचित्र भावना ही, की या पुस्तकात जे आहे ते कसंही असो, ते आपलं काम आहे. आठ वर्षांच्या मुलाला हे वाटलं. मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो.

घरची परिस्थिती बेताची. रग्बी गावच्या शाळेची फी एका श्रीमंत स्नेह्यानं भरली. शाळेतल्या शिकवण्याविषयी त्यांनी पुढं फारसं चांगलं लिहिलेलं नाही. 1908 मध्ये ते ऑक्सफर्डला युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले आणि 1912 मध्ये पेंब्रोक कॉलेजचे फेलो झाले. तेवीस वर्षांचं वय.

त्या वेळी ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञानात वास्तववाद्यांचं वजन होतं. कुक विल्सन, प्रिचर्ड ही मंडळी. त्यांचं म्हणणं असं की जाणणं ही अगदी सरळ क्रिया आहे. वस्तू समोर असते आणि मन तिला जाणतं. जाणल्यामुळे वस्तूत काही फरक पडत नाही. कॉलिंगवूड याच वातावरणात शिकले आणि सुरुवातीला ते त्यांना पटलंही असावं. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत हा तरुण काय करत होता? वडिलांबरोबर लहानपणापासून उत्खननं पाहिलेली, आता स्वतः खणत होता. ॲम्बलसाइडच्या रोमन किल्ल्याचं काम त्यानं अंगावर घेतलं होतं. आणि तिथं वास्तववाद्यांचं वर्णन जुळेना. चरात उभं राहून नुसतं मातीकडे बघितलं तर काहीच कळत नाही. काळी माती, पिवळी माती, दगड. ‘हा जो काळा पट्टा आहे तो लाकूड जळून झाला का?’ असं विचारल्यावर तो पट्टा दिसायला लागतो. ‘या भिंतीच्या आधी इथं दुसरी भिंत होती का?’ असं विचारल्यावर कुठं खणायचं ते ठरतं. प्रश्नाशिवाय मारलेली कुदळ फक्त खड्डा करते.

पहिल्या महायुद्धात ते लंडनला नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात कामाला होते. कामाला जाता-येता केन्सिंग्टन गार्डन्समधून जावं लागे आणि रोज वाटेत अल्बर्ट स्मारक लागे. व्हिक्टोरिया राणीच्या पतीचं भव्य, सोनेरी, नक्षीनं लगडलेलं स्मारक. कॉलिंगवूड यांना ते इतकं कुरूप वाटे की त्याच्याकडे बघवत नसे. पुढं त्यांनी स्वतःवर बंधन घातलं, की रोज त्याच्याकडे पाहायचं आणि विचार करायचा. स्कॉटसारख्या वास्तुकारानं हे असं का केलं? त्याला काय साधायचं होतं? जे त्यानं साधायचं ठरवलंच नव्हतं ते मी त्यात शोधतो आहे का? अनेक महिने हा रोजचा क्रम चालला.

त्यातून आलं त्यांचं प्रश्नोत्तराचं तर्कशास्त्र. कुठलंही विधान एकटं खरं किंवा खोटं नसतं. ते कोणत्यातरी प्रश्नाचं उत्तर असतं, आणि तो प्रश्न माहीत नसेल तर त्या विधानाचा अर्थच कळलेला नसतो. उदाहरण त्यांनी दिलं ते मोटारगाडीचं. गाडी चालत नाही. मी पहिला प्लग काढून तपासतो, ठिणगी पडते, मी म्हणतो, ‘पहिला प्लग ठीक आहे.’ हे ‘गाडी का चालत नाही?’ या प्रश्नाचं उत्तर नव्हे. ‘पहिल्या प्लगमुळे गाडी अडली आहे का?’ या प्रश्नाचं आहे. मोठा प्रश्न लहान प्रश्नांत फोडता आला, तरच शोध पुढं सरकतो. इतिहासात तर पदोपदी हेच होतं, आणि फोडणं जमलं नाही की माणूस नुसती माहिती गोळा करत बसतो.

या विचाराचा तत्त्वज्ञानाच्या इतिहासावर काय परिणाम होतो ते पाहा. प्लेटोनं राज्याविषयी लिहिलं, इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जनं राज्याविषयी लिहिलं. कॉलिंगवूड यांच्या समकालीनांना वाटे, दोघं एकाच प्रश्नाची दोन उत्तरं देताहेत, मग कोणाचं बरोबर ते ठरवू. कॉलिंगवूड म्हणाले, प्लेटोसमोर होतं ग्रीक नगरराज्य आणि हॉब्जसमोर होती सतराव्या शतकातली राजसत्ता. दोन्हींना एकच शब्द लावला म्हणून वस्तू एक होत नाही. एखाद्या माणसाच्या डोक्यात बसावं की प्राचीन ग्रीक भाषेत वल्ह्यांच्या युद्धनौकेचं जे नाव आहे त्याचा अर्थ ‘आगबोट’ आहे, आणि त्यानं तक्रार करावी की ग्रीकांना आगबोटीचं वर्णनसुद्धा धड करता येत नव्हतं, तसा हा प्रकार. म्हणजे तत्त्वज्ञानालाही इतिहासाच्या वाटेनंच जावं लागतं. हा विचार मांडणारं एक पुस्तक त्यांनी 1917 मध्ये तयार केलं. युद्धाचे दिवस. प्रकाशकानं घेतलं नाही.

युद्धानं त्यांच्याकडून आणखी काही नेलं. रोमन ब्रिटनच्या अभ्यासात त्यांचे गुरू होते फ्रान्सिस हॅव्हरफील्ड. त्यांचे विद्यार्थी रणांगणावर मारले गेले, स्वतः हॅव्हरफील्ड 1919 मध्ये वारले. ऑक्सफर्डमध्ये या विषयाची परंपरा चालवणारं कुणी उरलं नाही. तेव्हा कॉलिंगवूड यांनी ती आपल्याकडे घेतली. आवड होतीच, पण त्याहून ते ऋण होतं. एका हातानं तत्त्वज्ञान, दुसऱ्या हातानं रोमन ब्रिटन, असं पुढची वीस वर्षं चाललं. त्या काळात ब्रिटनभर फिरून त्यांनी रोमन शिलालेखांची चित्रं स्वतः काढली. एकेका दगडासमोर बसून, झिजलेली अक्षरं निरखत. हा संग्रह त्यांच्या हयातीत छापून झाला नाही. आर. पी. राइट यांनी काम पुढं नेलं आणि पहिला खंड 1965 मध्ये आला. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात असा दुसरा माणूस मला आठवत नाही, ज्यानं ज्ञान म्हणजे काय यावर ग्रंथ लिहिले आणि झिजलेल्या दगडांपुढं गुडघे टेकून इतकी वर्षं घालवली.

1935 मध्ये ते ऑक्सफर्डमध्ये तत्त्वमीमांसेचे वेनफ्लीट प्राध्यापक झाले, हे तिथलं मानाचं पद. 1936 मध्ये इतिहासाच्या तत्त्वज्ञानावर त्यांनी जी व्याख्यानं दिली, त्यांतूनच पुढं, त्यांच्या मृत्यूनंतर, 1946 मध्ये ‘द आयडिया ऑफ हिस्टरी’ हे पुस्तक तयार झालं. संपादन त्यांचे शिष्य टी. एम. नॉक्स यांचं. आज कॉलिंगवूड हे नाव निघतं ते बहुधा या पुस्तकामुळे.

त्यातल्या दोन गोष्टींवर मी थोडा थांबणार आहे.

पहिली गोष्ट कात्री आणि डिंकाची. जुन्या ग्रंथकारांची वचनं कापायची, विषयवार लावायची, चिकटवायची, मध्ये आपली चार वाक्यं घालायची, या प्रकाराला त्यांनी कात्री-डिंकाचा इतिहास म्हटलं. हा अभ्यासक साक्षीदार खरं बोलतो की खोटं एवढंच विचारतो. खरं वाटलं तर वचन चिकटवतो, खोटं वाटलं तर टोपलीत टाकतो. आपल्याकडे अस्सल कागद आणि बखर यांच्या वादात हीच वृत्ती कधीकधी डोकावते. कॉलिंगवूड यांनी याला उत्तर दिलं ते एक खुनाची कथा रचून. जॉन डो नावाचा माणूस आपल्या खोलीत मारलेला सापडतो. धर्मोपदेशकाची मुलगी येऊन सांगते, मी मारलं. कात्री-डिंकवाला काय करेल? कबुली खरी की खोटी ते ठरवेल आणि खोटी ठरली की सोडून देईल. कथेतला पोलीस अधिकारी मात्र विचारतो, ही खोटं बोलते आहे, पण का बोलते आहे? कुणाला वाचवायला? कबुली खोटी, आणि तरी ती पुरावा. तिच्यामुळेच शोध पुढं सरकतो. मग जगातली कुठलीही वस्तू पुरावा होऊ शकते, प्रश्न विचारणारा भेटला पाहिजे. बखरीत जे घडलं म्हणून लिहिलंय ते घडलं नसेल, पण ते तसं का लिहावंसं वाटलं, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर बखरीतच आहे.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. कॉलिंगवूड म्हणतात, सगळा इतिहास हा विचारांचा इतिहास असतो, आणि इतिहासकार तो विचार स्वतःच्या मनात पुन्हा विचारतो. मी याला पुनःप्रत्यय म्हणतो, काव्यशास्त्रातला आपला शब्द उसना घेऊन. रोमन सेनापती सीझरनं सैन्यासह रुबिकॉन नदी ओलांडली, जी सैन्य घेऊन ओलांडायला कायद्यानं मनाई होती. बाहेरून पाहिलं तर काही माणसं एका काठावरून दुसऱ्या काठावर गेली. आतून पाहिलं तर एका सेनापतीनं प्रजासत्ताकाचा कायदा समजून-उमजून मोडला. ही आतली बाजू कळायची तर सीझरसमोर कोणता पेच होता आणि त्यातून कोणत्या वाटा होत्या, ते आपल्याला पुन्हा विचारावं लागतं.

इथं बरेच जण बिचकतात. मृत माणसाच्या मनात शिरणं ही जादू झाली, असा आक्षेप घेतात. कॉलिंगवूड यांना ते ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचं उदाहरण दिलं. ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सनला कुणीतरी सुचवलं, छातीवरची मानचिन्हं काढा, शत्रूचे नेमबाज तुम्हाला ओळखतील. त्यानं नकार दिला. ती मानानं मिळवली, मानानंच ती अंगावर ठेवून मरेन. हे समजून घेताना मी त्याचा विचार खरोखर विचारतो. पण मी नेल्सन होत नाही. माझ्या छातीवर मानचिन्हं नाहीत, समोर बंदुका नाहीत, ‘काढू की ठेवू?’ हा प्रश्न माझ्या आयुष्यात उभाच नाही. तो विचार माझ्या वर्तमानाच्या आत, वेगळा बंदिस्त होऊन राहतो. आत्ताचे माझे प्रश्न त्याला चारी बाजूंनी धरून असतात. मला हे उत्तर फार नेमकं वाटतं. ‘मी त्या काळात गेलो’ असं म्हणणारा इतिहासकार आणि ‘त्या काळचं आपल्याला काहीच कळू शकत नाही’ असं म्हणणारा इतिहासकार, दोघांनाही ते एकदमच अडवतं.

एक अडचण मात्र मला यात खरोखर दिसते. दुष्काळात, साथीत, बाजारभावाच्या चढउतारात जी माणसं भरडली जातात, त्यांचा इतिहास विचारांच्या पुनःप्रत्ययातून किती लिहिता येईल? सेनापती आणि कायदेपंडित यांच्यापाशी ही पद्धत चपखल बसते. ज्यांनी काहीच ठरवलं नाही, ज्यांच्यावर सगळं येऊन कोसळलं, त्यांच्यापाशी ती अपुरी पडते, असं माझं मत आहे.

आणि तिचा दुसरा धोका खुद्द कॉलिंगवूड यांच्याच आयुष्यात दिसला. 1937 मध्ये पेनरिथजवळ ‘किंग आर्थर्स राउंड टेबल’ नावाच्या प्रागैतिहासिक वर्तुळाकार स्थळावर त्यांनी उत्खनन केलं. प्रश्न ठरवून, मोजके चर घेऊन, त्यांच्या पद्धतीनं. त्यांना लाकडी खांबांचे खड्डे दिसले, त्यातून प्राचीन बांधणीची एक सुसंगत मांडणी दिसली. मग त्यांची प्रकृती ढासळली आणि 1939 मध्ये तिथं गेर्हार्ड बेर्सू यांनी पुन्हा खणलं. बेर्सू हे नाझींनी पदावरून काढलेले जर्मन पुरातत्त्वज्ञ. मातीचे थर वाचण्यात त्यांचा हात धरणारे थोडे होते. त्यांनी दाखवून दिलं की कॉलिंगवूड यांना दिसलेले ते खांबांचे खड्डे माणसांनी केलेलेच नव्हते. प्रश्न इतका स्पष्ट होता की मातीनं हवं ते उत्तर दिल्यासारखं वाटलं. या प्रसंगामुळे त्यांची पद्धत मोडीत निघते असं मी म्हणणार नाही. सॉल्वेच्या किनाऱ्यावर ज्या सवयीनं त्यांना बुरूज सापडले, त्याच सवयीनं पेनरिथला खांब दिसले. एवढंच, की किनाऱ्यावर आधी कुणीतरी तटस्थपणे केलेल्या नोंदी हाताशी होत्या, आणि इथं खणणारा आणि विचारणारा एकच होता.

1938 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वय 49. यापुढं आपल्याकडे किती वेळ आहे हे त्यांना कळून चुकलं होतं असं मला वाटतं, कारण नंतरच्या चार वर्षांतला झपाटा विलक्षण आहे. विश्रांतीसाठी म्हणून डच ईस्ट इंडीजकडे, म्हणजे आजच्या इंडोनेशियाकडे, जाणाऱ्या जहाजावर चढले आणि वाटेत तत्त्वमीमांसेवरचं पुस्तक लिहायला बसले. जावात पोचल्यावर ‘प्रिन्सिपल्स ऑफ हिस्टरी’ सुरू केलं. ज्याची आयुष्यभर तयारी केली ते पुस्तक हेच, अशी त्यांची भावना होती. 1939 मध्ये आत्मचरित्र आलं. विचार करणं हेच ज्याचं काम, त्याचं आत्मचरित्र म्हणजे त्याच्या विचारांचीच गोष्ट असणार, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं आहे. लग्न, मुलं, घर यांविषयी त्यात जवळजवळ काही नाही.

पण त्या आत्मचरित्राचा शेवट वाचा. तिथं हा संयमी प्राध्यापक स्पेनमधल्या यादवीवर बोलतो, हिटलरशी झालेल्या म्यूनिकच्या करारावर बोलतो, आपल्या सरकारनं जनतेपासून काय लपवलं त्यावर बोलतो. ज्या वास्तववादी गुरूंनी विद्यार्थ्यांना शिकवलं की तत्त्वज्ञानाचा जगण्याशी काही संबंध नाही, त्यांनीच ती पिढी कुणाच्याही भूलथापांना बळी पडायला मोकळी सोडली, असा त्यांचा आरोप आहे. आरोप अतिरेकी आहे. ऑक्सफर्डमध्ये त्यावर नाराजी झाली, काहींनी आजाराकडे बोट दाखवलं. मला तो आजार वाटत नाही. पहिल्या महायुद्धानं त्यांना एक गोष्ट शिकवली होती. निसर्गावर माणसाचं नियंत्रण अफाट वाढलं आहे आणि माणसांच्या व्यवहारांची समज तिथंच आहे. ही समज देऊ शकेल असं शास्त्र म्हणजे इतिहास, असा त्यांचा विश्वास होता. 1938 मध्ये त्यांना पुन्हा तेच घडताना दिसत होतं, आणि हातात वेळ नव्हता.

वेळ नव्हता म्हणूनच ‘प्रिन्सिपल्स ऑफ हिस्टरी’ बाजूला पडलं. युद्ध सुरू झाल्यावर त्यांना सभ्यता आणि रानटीपणा यांवर लिहिणं अधिक तातडीचं वाटलं. ‘न्यू लेव्हायथन’ हे पुस्तक त्यांनी आजारपणात, झटक्यांमागून झटके सोसत पुरं केलं. 1941 मध्ये प्राध्यापकपद सोडलं, 1942 मध्ये ते पुस्तक छापून आलं, आणि 9 जानेवारी 1943 ला, वयाच्या 53 व्या वर्षी, कॉनिस्टनला, ज्या सरोवराच्या काठी वाढले तिथंच ते वारले.

बाजूला पडलेल्या हस्तलिखितातला काही भाग नॉक्स यांनी ‘द आयडिया ऑफ हिस्टरी’त घेतला, बाकीचा गाळला. पुढं ते हस्तलिखितच दिसेनासं झालं. अभ्यासकांनी ते हरवलं असं धरून त्याच्याविषयी तर्क केले. 1995 मध्ये ते ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या दफ्तरखान्यात सापडलं. इतकी वर्षं ते तिथंच होतं. 1999 मध्ये ते छापलं गेलं, जावाच्या प्रवासात जिथवर आलं होतं तिथवर, अपुरं.